पंचावन्न प्रयोग

शाळेतल्या नाटकाचे आयुष्य एका संध्याकाळचे असते. महिना-दीड महिना तालमी चालतात, मास्तर ओरडतात, राजाच्या मिशा हरवतात, आयत्या वेळी कोणाला तरी ताप येतो आणि दुसऱ्या कोणाला त्याची नक्कल रातोरात पाठ करावी लागते. मग पडदा वर जातो, दोन तासांनी खाली येतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पटांगणावर कवायत सुरू होते. त्या नाटकाची नोंद झालीच तर शाळेच्या वार्षिक अहवालातल्या एका ओळीत. इतिहासकार अशा नाटकांकडे फिरकत नाहीत, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही नाही.

परंतु मुलांनी केलेल्या एका संगीत नाटकाची दखल इतिहासाला घ्यावी लागली. त्याचे एका वर्षात पंचावन्न प्रयोग झाले. एखाद्या व्यावसायिक नाटकमंडळीनेही समाधान मानावे असा हा आकडा. पण तो उच्चारताना आवाज खाली येतो; तसा तो का येतो, हे सांगण्यासाठीच हा लेख.

नाटकाचे नाव ‘ब्रुंडिबार’. चेक भाषेत बोलीतला हा शब्द भुंग्यासाठी वापरतात. संगीतकार हान्स क्रासा, जन्म १८९९, गाव प्राग. जर्मन बोलणाऱ्या ज्यू घराण्यातला हा मनुष्य. प्रागच्या जर्मन नाट्यगृहात गायकांच्या तालमी घेत असे आणि थोडेच पण नेमके लिहीत असे. नाटकाची संहिता लिहिली आडोल्फ होफ्मायस्टर याने. तो लेखक होता आणि व्यंगचित्रकारही. १९३८ साली चेकोस्लोव्हाकियाच्या शिक्षण खात्याने मुलांच्या संगीतिकेसाठी एक स्पर्धा जाहीर केली होती. तिच्यासाठी या दोघांनी ही अर्ध्या-पाऊण तासाची संगीतिका रचली. स्पर्धेचा निकाल कधीच लागला नाही. १५ मार्च १९३९ रोजी हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले, आणि ज्या राज्याच्या शिक्षण खात्याने बक्षीस द्यायचे ते राज्यच उरले नाही. होफ्मायस्टर देश सोडून फ्रान्समध्ये आणि तिथून पुढे अमेरिकेत गेला. क्रासा मागे राहिला.

कथानक असे आहे की, आपल्याकडची चौथीतली मुलगीसुद्धा ते एका दमात सांगेल. अनिंका आणि पेपिचेक ही बहीणभावंडे. बाप नाही, आई आजारी. डॉक्टरने दूध पाजायला सांगितले आहे आणि घरात पैसा नाही. दोघे बाजारात येतात. तिथे दूधवाला आहे, पाववाला आहे, आइस्क्रीमवाला आहे, पण फुकट कोणी काही देत नाही. चौकात ब्रुंडिबार नावाचा एक मिशाळ इसम पेटीचा दांडा फिरवून गाणी वाजवतो आणि लोक त्याच्यापुढे नाणी टाकतात. आपणही गावे, असे मुलांना वाटते. पण त्यांचा कोवळा आवाज पेटीच्या गोंगाटात बुडतो. ब्रुंडिबार त्यांना हुसकून लावतो आणि पोलिसही त्याचीच बाजू घेतो. रात्री मुले रडत बसली असता एक चिमणी, एक मांजर आणि एक कुत्रा त्यांच्या मदतीला येतात. दोघांचा आवाज पुरत नाही ना, मग गावातली सगळी मुले बोलवा, असा त्यांचा सल्ला. सकाळी सारी मुले जमतात आणि एक अंगाईगीत गातात. लोकांचे डोळे पाणावतात, टोपी पैशांनी भरते. ब्रुंडिबार ती टोपी पळवतो. मुले आणि प्राणी त्याला पकडतात. शेवटी सर्वांचे विजयगीत. एवढीच गोष्ट.

अशी गोष्ट शांततेच्या काळात लिहिली गेली तर गोड म्हणून विसरली जाते. काळ बदलला म्हणून तिचा अर्थ बदलला.

प्रागमध्ये ज्यू मुलांना सरकारी शाळांची दारे १९४० साली बंद झाली, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात ज्यूंच्या स्वतःच्या शाळाही बंद करण्यात आल्या. बागेत जायचे नाही, सिनेमाला जायचे नाही, ट्रामच्या मागच्या डब्यातूनच जायचे. सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येकाने छातीवर पिवळा तारा शिवून घ्यायचा. या दिवसांत शहरातले ज्यू मुलांचे अनाथालय हे पोरांचे घर, शाळा आणि मैदान असे सर्वच होऊन बसले. तिथले संचालक फ्रॉइडनफेल्ड यांना १९४१ च्या जुलैत पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या समारंभाला क्रासा होता, राफाएल शेख्टर हा संगीत दिग्दर्शक होता, फ्रांतिशेक झेलेंका हा रंगमंच सजवणारा वास्तुशिल्पी होता. मुलांसाठी काहीतरी बसवावे असे तिथे ठरले आणि धूळ खात पडलेले ‘ब्रुंडिबार’ बाहेर निघाले.

शेख्टरने तालमी सुरू केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला टेरेझिनला पाठवण्यात आले. संचालकांचा मुलगा रुडोल्फ फ्रॉइडनफेल्ड याने तालमी पुढे चालवल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये क्रासालाही नेले. पुढे हिवाळ्यात अनाथालयाच्या जेवणघरात गुपचूप पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंद कसला, एक पियानो, एक व्हायोलिन आणि ढोल! संगीतकार तो ऐकायला नव्हता. १९४३ च्या जुलैपर्यंत अनाथालयातील बहुतेक मुले आणि कर्मचारी टेरेझिनला पोहोचले होते. रुडोल्फने आपल्या मोजक्या सामानात पियानोसाठी लिहिलेली नाटकाची स्वरलिपी नेली होती. मोजक्या सामानात काय न्यावे याचा विचार ज्याने कधी केला आहे, त्याला या गोष्टीची किंमत कळेल.

टेरेझिन हे प्रागपासून साठेक किलोमीटरवरचे तटबंदीचे गाव. अठराव्या शतकात सम्राट दुसरा योसेफ याने ते बांधले आणि आपल्या आईचे, मारिया थेरेसाचे, नाव त्याला दिले. सैनिक आणि नागरिक मिळून सातेक हजार माणसे तिथे राहत. १९४२ च्या सप्टेंबरात त्याच भिंतींच्या आत अठ्ठावन्न हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली होती. माळे, तळघरे, घोड्यांचे तबेले, सगळीकडे तीनमजली फळ्यांच्या खाटा. टेरेझिनमध्ये विषारी वायूच्या कोठड्या चालत नव्हत्या. तिथे माणसे भुकेने आणि रोगाने मरत, आणि उरलेली आगगाडीने पूर्वेकडे जात. १९४१ ते १९४५ या काळात एक लाख चाळीस हजारांच्या घरात माणसे तिथे आणली गेली. तेहतीस हजारांच्या वर तिथेच मेली. अठ्ठ्याऐंशी हजारांच्या सुमारास पुढे आउश्विट्झ आणि तशाच इतर ठिकाणी रवाना झाली. त्यांतली फार थोडी परतली.

मुलांना शिकवायला टेरेझिनमध्ये बंदी होती. गाणी, चित्रे, खेळ यांना मात्र मनाई नव्हती. मुलांची देखभाल करणाऱ्या मोठ्या माणसांनी या फटीत बोट घातले. चित्रकलेच्या नावाखाली फ्रीडल डिकर-ब्रांडाइस हिने मुलांना पाहायला आणि विचार करायला शिकवले. मुलांनी काढलेली सुमारे साडेचार हजार चित्रे पेट्यांत लपवून ठेवली गेली आणि ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ‘एल ४१७’ असा क्रमांक दिलेले मुलांचे वसतिगृह म्हणजे गावातली पूर्वीची शाळाच होती. दारावर पहारा ठेवून तिथे गणित चाले, इतिहास चाले. तिथल्या एका खोलीतल्या मुलांनी ‘वेदेम’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक चालवले. त्याचा संपादक पेत्र गिन्झ हा चौदा वर्षांचा होता. आपल्या शाळांतून हस्तलिखिते निघतात, त्यांना वेळेवर मजकूर मिळत नाही म्हणून आपण कुरकुरतो. असो.

या इमारतीच्या धुळकट माळ्यावर ‘ब्रुंडिबार’च्या तालमी पुन्हा सुरू झाल्या. क्रासाने संगीत नव्याने मांडले. गावात जी वाद्ये आणि जे वादक होते त्यांच्यासाठी त्याने ते लिहिले: बासरी, क्लॅरिनेट, गिटार, अकॉर्डियन, पियानो, तालवाद्ये, चार व्हायोलिने, एक चेलो, एक डबल बास. वाजवणारे मात्र युरोपातल्या कोणत्याही शहराला भूषण ठरावेत असे होते, कारण शहरेच्या शहरे तिथे आणून ओतली होती. झेलेंकाने जुन्या फळ्यांचे कुंपण उभे केले. त्यावर चिमणी, मांजर आणि कुत्रा यांची चित्रे लावली आणि त्यांच्या चेहऱ्यांच्या जागी भोके ठेवली. प्राण्याची पाळी आली की त्या भोकातून मुलाने तोंड बाहेर काढायचे. नृत्ये बसवली कामिला रोझेनबाउम हिने. २३ सप्टेंबर १९४३ रोजी माग्डेबुर्ग नावाच्या बराकीतल्या सभागृहात पहिला प्रयोग झाला.

खलनायकाचे काम करणारा होन्झा ट्रायख्लिंगर हा प्लझेन गावच्या अनाथालयातून आलेला. अंगाने किरकोळ. तालमी चालू आहेत असे कळताच तो आपण होऊन रुडोल्फकडे आला आणि मलाही घ्या म्हणाला. पुढे तोच टेरेझिनचा सर्वांत लाडका नट झाला. लावलेल्या मिशा हालवण्याची त्याची एक खुबी होती. तो नेमक्या क्षणी मिशा हालवी आणि सगळे सभागृह हसून मोकळे होई. खलनायकाचे काम करणाऱ्या पोरावर प्रेक्षकांनी असा जीव लावावा याचे नवल कोणाही शाळामास्तराला वाटणार नाही. वर्गातल्या ज्या मुलाला घरी कोणी नसते, त्याला रंगमंचावर सगळे जग आपल्याकडे पाहत असल्याचे सुख इतरांहून जास्त मिळते.

मांजराचे काम करीत होती एला स्टाइन. वय तेरा. तिने पुढे सांगितलेली एक आठवण या नाटकाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. प्रयोगाच्या वेळी मुलांना छातीवरचा तारा काढून ठेवण्याची परवानगी होती. म्हणजे दिवसाचे चोवीस तास जे लेबल लावून राहायचे, ते त्या पाऊण तासापुरते नसे. एरवी वेष चढवला म्हणजे नट दुसराच कोणी होतो. या मुलांना मात्र वेष चढवल्यावर पुन्हा आपण स्वतः होता येत होते.

विजयगीताच्या शेवटच्या शब्दांत टेरेझिनमध्ये एक बदल झाला. मूळ संहितेत आईबाप आणि मायभूमी यांच्यावर प्रेम करणारा तो आमचा मित्र, अशा अर्थाचा शेवट होता. तिथे असलेल्या एमिल साउदेक या कवीने तो बदलून त्या जागी न्यायाची आवड आणि निर्भयता आणली. गाणी चेक भाषेत होती. मिशांचा ब्रुंडिबार म्हणजे कोण, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही, असे वाचलेल्या लोकांनी पुढे सांगितले आहे.

आता पंचावन्न या आकड्याकडे येऊ. आकडा मोठा आहे तो नाटक लोकप्रिय होते म्हणून. आठवड्याला एक या हिशेबाने ते वर्षभर चालले. परंतु त्या वर्षभरात गाड्या चालूच होत्या. आज गाणारा मुलगा पुढच्या आठवड्यात नसे. कधी वृंदातली पाच पोरे एकदम कमी होत, कधी वाद्यवृंदातला व्हायोलिनवाला जाई. मग त्यांच्या जागी नवी मुले घ्यायची, त्यांना पहिल्या सुरापासून शिकवायचे, आणि ती तयार होतात न होतात तोच त्यांतलीही काही निघून जायची. आपल्या नाटकात एखादा मुलगा आजारी पडला तर आपण हवालदिल होतो. रुडोल्फ फ्रॉइडनफेल्डने तेच गाणे नव्या नव्या कंठांना किती वेळा शिकवले असेल! एला शेवटपर्यंत मांजर राहिली आणि होन्झा शेवटपर्यंत ब्रुंडिबार, पण त्यांच्या मागचा वृंद सारखा बदलत होता. विजयगीत मात्र प्रत्येक वेळी पुरे झाले.

१९४४ च्या उन्हाळ्यात या नाटकाला एक निराळा प्रेक्षक लाभला. ज्यूंची स्थिती पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचा एक स्विस प्रतिनिधी आणि दोन डॅनिश अधिकारी २३ जून रोजी टेरेझिनला येणार होते. जर्मन अधिकाऱ्यांनी आधी गावाची रंगरंगोटी केली. फुलझाडे लावली, बाके ठेवली, मुलांसाठी झोके आणि घोडे उभारले. गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात साडेसात हजार माणसे आउश्विट्झला धाडली. पाहुण्यांना ठरल्या वाटेने फिरवले आणि त्या वाटेवर ‘ब्रुंडिबार’ होते. मुले गायली. पाहुणे परतले आणि स्विस प्रतिनिधीने अनुकूल अहवाल लिहिला. ऑगस्ट-सप्टेंबरात कुर्ट गेरोन या कैदी असलेल्या नामांकित नट-दिग्दर्शकाकडून एक प्रचारपट काढवून घेण्यात आला. त्यात मुलांचे विजयगीत चित्रित झाले. त्या चित्रपटाचे जे तुकडे उरले आहेत त्यांत ते आजही पाहायला मिळते: तोंडे उघडून गाणारी पोरे, आणि मध्ये मिशावाला होन्झा.

चित्रीकरण संपल्यावर महिन्याच्या आत गाड्या सुटू लागल्या. २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर १९४४ या एका महिन्यात अकरा गाड्यांतून अठरा हजारांवर माणसे आउश्विट्झला गेली. १६ ऑक्टोबरच्या गाडीत क्रासा होता, शेख्टर होता. आउश्विट्झला पोहोचताच क्रासाला मारण्यात आले. शेख्टर पुढे आणखी काही छावण्यांतून गेला. तोही परतला नाही. झेलेंका गेला, गेरोन गेला. होन्झा गेला. नाटकातली बहुतेक मुले गेली. नाटक बंद पडले, कारण ते करायला कोणी उरले नाही.

या नाटकाबद्दल दोन मते ऐकू येतात. एक असे की, हा मृत्यूवर कलेने मिळवलेला विजय. दुसरे असे की, ही फसवणूक होती; मारेकऱ्यांनी मुलांना जगासमोर नाचवले, आणि ज्या मोठ्यांनी ते बसवले त्यांचाही त्यात नकळत हात लागला. पहिले मत मला पटत नाही. गाऊन कोणी वाचले नाही. जी थोडी मुले वाचली ती गाडीत नाव आले नाही म्हणून किंवा अशाच एखाद्या योगायोगाने. मेलेल्या मुलांना विजयी म्हणणे हे आपल्या मनाला बरे वाटावे म्हणून असते.

दुसरे मत अधिक कठीण आहे, कारण त्यात सत्याचा मोठा अंश आहे. त्या प्रयोगाने जगाची फसवणूक झाली, हे नाकारता येत नाही. परंतु खोटे कुठे होते ते नीट पाहिले पाहिजे. मुलांचे गाणे खोटे नव्हते. ती खरोखरच इतके चांगले गात होती. खोटे होते ते गाण्याभोवती उभे केलेले गाव, आणि पाहुण्यांनी न विचारलेले प्रश्न. ही पोरे रात्री कुठे झोपतात, त्यांच्या वर्गातली बाकीची कुठे गेली, हे विचारण्याचे काम मुलांचे नव्हते. ते टाळ्या वाजवणाऱ्यांचे होते. शिवाय रेड क्रॉसची माणसे आली ती नऊ महिन्यांनंतर. तोवर जे प्रयोग झाले त्यांना अर्धपोटी, शिवलेला तारा घातलेली, गाडीच्या यादीची धास्ती घेतलेली माणसे आली होती. मूळ नाटक त्यांच्यासाठी होते.

मग ते बसवणाऱ्यांनी नेमके काय केले? माझ्या धंद्याच्या माणसाला त्याचे उत्तर साध्या भाषेत द्यावेसे वाटते. त्यांनी मुलांना सांगितले की उद्या अमुक वाजता तालीम आहे. उद्याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी उद्याचे वेळापत्रक दिले. उशिरा आलास तर रागावेन, असे म्हटले. सूर चुकला तर पुन्हा म्हणायला लावले, जणू हा सूर बरोबर येणे हीच जगातली महत्त्वाची गोष्ट आहे. मुलाला मूल म्हणून वागवणे ते एवढेच, आणि ते काढून घेण्यासाठी तर ती सगळी तटबंदी, ते तारे आणि त्या याद्या होत्या. शिक्षकाला मुलाचे आयुष्य लांबवता येत नाही. जे आहे त्यात त्याचा वाटा त्याला देता येतो. वॉर्सामध्ये यानुश कोर्चाक यांनी १८ जुलै १९४२ रोजी आपल्या अनाथालयातील मुलांकडून रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’चा प्रयोग करवला, आणि तीन आठवड्यांच्या आत त्या मुलांबरोबर ते ट्रेब्लिंकाच्या गाडीत बसले. बंगालमध्ये लिहिलेले ते नाटक तिथल्या मुलांना आपले वाटले. पण यापुढे या दोन नाटकांची तुलना करावीशी वाटत नाही.

रुडोल्फ फ्रॉइडनफेल्ड वाचला. युद्धानंतर त्याने फ्रानेक हे नाव घेतले. होफ्मायस्टर मायदेशी परतला, पुढे राजदूत झाला आणि १९७३ साली वारला. आपल्या या लहानशा कृतीचे काय झाले ते त्याला दुरून कळले. स्वरलिपी वाचली होती, परंतु अनेक वर्षे ती कोणी फारशी उघडली नाही. १९७५ साली योझा कारास या चेक वंशाच्या संगीतज्ञाने अमेरिकेत कनेटिकट संस्थानात तिचा प्रयोग केला. १९८५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी एका शाळेतील मुलींनी तो केला. म्हणजे ज्या देशातून त्या गाड्यांचा हुकूम निघाला होता तिथल्याच शाळकरी मुलींनी. त्यानंतर ते पुष्कळ देशांत, पुष्कळ शाळांत होत आले आहे. करणारी मुले बहुधा दहा ते पंधरा वर्षांची असतात. ती तालमीत दंगा करतात, मिशा हरवतात आणि मास्तरांची बोलणी खातात.

मांजराचे काम करणारी एला वाचली होती. पुढे ती इस्रायलमध्ये आणि मग अमेरिकेत राहिली, आणि २०१८ साली वारली. म्हातारपणी तिला देशोदेशीच्या शाळांतून या नाटकाच्या प्रयोगांना बोलावीत. ती प्रयोगाआधी मुलांशी बोले. आपल्याबरोबर गाणाऱ्या आणि न परतलेल्या सोबत्यांची हकीकत सांगे. मग पहिल्या रांगेत बसून सबंध नाटक पाही. विजयगीत सुरू झाले की ऐंशीच्या घरातली ती बाई उठून रंगमंचावर जाई आणि त्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत गाई.